आडात पाणी आले, पोहऱ्याचे काय?

मी अर्थशास्त्राचा मास्तर. वैद्यकाशी माझा संबंध रोग्याच्या बाजूनेच आलेला. तरीही आज मी एका रोगाविषयी आणि त्याच्या औषधाविषयी बोलणार आहे. त्याला निमित्त झाले माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याचे. वर्गात औषधांच्या किमतींचा विषय चालला होता. एड्सवरच्या औषधाचा वर्षाचा खर्च १० हजार डॉलरांवरून १०० डॉलरांच्याही खाली कसा आला, हे मी फळ्यावर आकडे मांडून सांगत होतो. शेवटच्या बाकावरच्या, रोज एस.टी.ने खेड्यातून येणाऱ्या एका मुलाने हात वर केला. म्हणाला, “सर, औषध एवढं स्वस्त झालं, तर मग माणसं अजून मरतात कशी?”

तेवढ्यात घंटा झाली, म्हणून मी सुटलो. प्रश्न मात्र सुटला नाही. तोच आज तुमच्यापुढे मांडतो.

आपल्याकडे म्हण आहे, आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? ह्या रोगाच्या बाबतीत पहिली काही वर्षे ही म्हण अगदी खरी होती. आडच कोरडा होता. मग आडाला पाणी लागले, आणि ध्यानात आले की नुसत्या पाण्याने तहान भागत नाही. पोहरा लागतो, दोर लागतो, ओढणारा हात लागतो, आणि आडावर जायची लाज वाटू नये हेही लागते. हे सगळे कसे जमले आणि कोठे अडले, ते आफ्रिकेतल्या खेड्यांच्या उदाहरणावरून पाहू या.

त्याआधी रोगाची थोडी ओळख करून घेऊ. १९८१ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ह्या रोगाची पहिली नोंद केली. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्याचा विषाणू सापडला. ह्या विषाणूला एच.आय.व्ही. म्हणतात, आणि त्याने शरीर पोखरून टाकल्यावर जी अवस्था येते तिला एड्स म्हणतात. असं बघा, गावात रात्री जागल्या फिरतो. चोराची चाहूल लागली की तो हाकाटी करतो आणि गाव जागा होतो. आपल्या रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी हेच काम करतात. हा विषाणू असा लबाड, की तो थेट जागल्याच्याच घरात शिरतो, त्याच्याच चुलीवर आपली भाकरी भाजतो आणि शेवटी त्यालाच संपवतो. जागले संपले की क्षय, न्यूमोनिया, हगवण अशा रोगांना गाव मोकळे. माणूस मरतो तो बहुधा ह्या मागून आलेल्या रोगांनी.

हा विषाणू शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून, दूषित सुईतून आणि आईकडून बाळाला लागतो. एका ताटात जेवल्याने, एका बाकावर बसल्याने, हातात हात दिल्याने किंवा डास चावल्याने तो लागत नाही. माझ्या शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हे वाक्य दोनदा वाचावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता औषध. पहिले औषध १९८७ साली निघाले. पण एकट्या औषधाला हा विषाणू काही महिन्यांत ओळखून चुकवी आणि पुन्हा बळावे. १९९६ साली तीन औषधे एकाच वेळी देण्याची पद्धत जगापुढे आली आणि अंथरुणाला खिळलेली माणसे उठून कामाला लागली. विषाणूच्या तीन वाटा एकदम बंद केल्या की त्याला पळायला जागा उरत नाही. मात्र तो समूळ मरत नाही. शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. हरळी खुरपून काढली की रान स्वच्छ दिसते, पण मुळी मातीत राहिलेलीच असते. खुरपणी थांबली की पावसाळ्यात पुन्हा हिरवे. म्हणून हे औषध रोज घ्यायचे आणि जन्मभर घ्यायचे. मध्येच सोडले, कधी घेतले कधी नाही असे केले, तर विषाणूला सवड मिळते, तो औषधाला निर्ढावतो आणि मग तेच औषध त्या माणसाला लागू पडेनासे होते.

औषध सापडले ते १९९६ साली. त्याचा एका माणसाचा वर्षाचा खर्च होता १० ते १५ हजार डॉलर. आता शाळेच्या भिंतीवरचा जगाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. सहारा वाळवंटाच्या खाली जो आफ्रिका खंडाचा भाग पसरला आहे, तिथे ह्या विषाणूने गाठलेल्या जगातल्या दर तीन माणसांपैकी दोन राहत होती. बोत्स्वाना देशात तर प्रौढांपैकी चारात एक माणूस बाधित झालेला. शेतात राबणारे हात गेले, आजीच्या पदराखाली पोरकी नातवंडे आली. झांबिया आणि मलावी ह्या देशांत शिक्षकच मरू लागले. रोग होता आफ्रिकेत, आणि औषध होते युरोप-अमेरिकेतल्या दुकानांत.

जुलै २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन शहरी एड्सविषयीची जागतिक परिषद भरली. तिथल्या दोन माणसांची भाषणे लोक अजून आठवतात. एक होते न्यायमूर्ती एडविन कॅमेरॉन. त्यांना स्वतःला हा विषाणू झालेला. त्यांनी उघड सांगितले की, मी तुमच्यासमोर उभा आहे तो औषधाचे पैसे मोजू शकतो म्हणून. माझ्या देशातल्या लाखोंना ते परवडत नाही म्हणून ते मरत आहेत. दुसरा होता न्कोसी जॉन्सन नावाचा ११ वर्षांचा मुलगा. त्याला जन्मतःच हा विषाणू आईकडून मिळाला होता. १९९७ साली त्याला शाळेत घ्यायला काही पालकांनी विरोध केला होता. डर्बनच्या व्यासपीठावर त्या पोराने एवढेच मागितले की, आम्हांला घाबरू नका, आम्हीही तुमच्यासारखीच माणसे आहोत. १ जून २००१ रोजी तो वारला. औषध निघून पाच वर्षे झाली होती.

आडाला पाणी लागले त्याचा एक झरा आपल्या मुंबईतला आहे, हे आपल्यापैकी थोड्यांना ठाऊक असेल. आपल्या देशाने १९७० साली पेटंटचा कायदा केला. त्यात औषधाच्या बाबतीत पदार्थावर मक्तेदारी दिली नव्हती. फक्त तो पदार्थ करण्याच्या रीतीवर दिली होती. सोपं करून सांगायचं तर, भाकरीवर कोणाचा हक्क नाही, एखाद्याने शोधलेल्या भाकरी थापण्याच्या रीतीवर आहे. दुसऱ्या रीतीने तुम्ही भाकरी करा, कोणी अडवणार नाही. ह्या कायद्याच्या आधाराने आपल्याकडच्या कारखान्यांनी परदेशी औषधे स्वतःच्या रीतीने करण्याची विद्या हस्तगत केली. त्यांतलीच एक १९३५ साली मुंबईत ख्वाजा अब्दुल हमीद ह्यांनी स्थापन केलेली सिप्ला कंपनी. त्यांचे चिरंजीव युसुफ हमीद ह्यांनी फेब्रुवारी २००१ मध्ये सीमेपलीकडील डॉक्टर ह्या फ्रान्समध्ये स्थापन झालेल्या सेवाभावी संस्थेला सांगितले की, तिन्ही औषधे आम्ही एका रोग्यामागे वर्षाला ३५० डॉलरांत देतो. म्हणजे दिवसाला साधारण एक डॉलर. स्टॅव्हुडीन, लॅमिव्हुडीन आणि नेव्हिरॅपीन अशी ती तीन औषधे होत. पुढे तिन्ही एकाच गोळीत बसवली गेली. सकाळी एक, संध्याकाळी एक. युरोप-अमेरिकेत ही तीन औषधे वेगवेगळ्या कंपन्यांच्या मालकीची असल्याने त्यांची अशी एक गोळी करणे तिथे अवघड होते.

बातमी पसरली आणि भाव कोसळू लागले. अर्थशास्त्राच्या पुस्तकात आम्ही स्पर्धा म्हणतो ती हीच. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेच्या सरकारवर ३९ औषधकंपन्यांनी खटला घातला होता. स्वस्त औषधे आणू देणारा त्या सरकारचा कायदा त्यांना नको होता. जगभर एवढी ओरड झाली की एप्रिल २००१ मध्ये कंपन्यांनी खटला मागे घेतला. नोव्हेंबर २००१ मध्ये दोहा येथे जागतिक व्यापार संघटनेच्या सभासद देशांनी मान्य केले की, लोकांच्या आरोग्यासाठी पेटंटला वळसा घालण्याचा देशांना अधिकार आहे. मग २००२ साली जागतिक निधी उभा राहिला आणि २००३ साली अमेरिकेने पाच वर्षांसाठी १५ अब्ज डॉलरांची योजना जाहीर केली. २००६ ते २००८ ह्या काळात अशा मदतीच्या पैशातून खरेदी झालेल्या ह्या औषधांपैकी शंभरात ऐंशीहून अधिक भारतात तयार झालेली होती.

एवढे झाले, म्हणजे काम संपले असे आपण म्हणू. नाही. २००३ साल संपले तेव्हा सहाराखालच्या आफ्रिकेत औषध मिळणाऱ्यांची संख्या होती सुमारे एक लाख. औषधाची तातडीची गरज असलेली माणसे होती चाळीस लाखांहून अधिक. आडात पाणी होते, पोहरा नव्हता.

पहिली अडचण हातांची. मलावी हा एक लहान, शेतीवर जगणारा, गरीब देश. तिथे लाख माणसांमागे साधारण दोन डॉक्टर. एवढ्या डॉक्टरांनी लाखो रोग्यांना तपासून औषध द्यायचे म्हटले तर डॉक्टरांचाच जन्म पुरायचा नाही. मलावीने २००४ सालापासून मोठी शहाणपणाची गोष्ट केली. बहुतेक सर्व रोग्यांना एकाच प्रकारची गोळी ठरवून दिली. प्रत्येकासाठी एक साधे कार्ड केले. नर्सला आणि डॉक्टरच्या खालच्या दर्जाच्या वैद्यकीय सेवकाला थोडक्या दिवसांचे शिक्षण देऊन औषध सुरू करण्याचा अधिकार दिला. मोठ्या प्रयोगशाळेची वाट पाहत बसले नाहीत. २०११ साली त्या देशाने आणखी एक पाऊल टाकले. बाधित गरोदर बाई आढळली की तिचे औषध लगेच सुरू करायचे आणि बाळंतपणानंतरही जन्मभर चालू ठेवायचे. आई जगते, आणि बाळाला रोग लागण्याचा धोका अगदी थोडा उरतो. ही रीत पुढे जगातल्या अनेक देशांनी उचलली.

दुसरी अडचण म्हणण्यापेक्षा आक्षेप म्हणू. शहाणीसुरती माणसे म्हणत की, आफ्रिकेतल्या अडाणी लोकांना औषध देऊन काय उपयोग? ती वेळेवर घेणार नाहीत. २००१ साली अमेरिकेच्या परदेशी मदतखात्याचे प्रमुख अँड्रयू नॅटसिओस ह्यांनी असेच म्हटले होते. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की तिकडच्या पुष्कळ लोकांनी घड्याळ पाहिलेले नाही. त्यांना सकाळ, दुपार, संध्याकाळ कळते, दहा वाजले हे कळत नाही. ह्यावर काय उत्तर द्यायचे? उत्तर मोजणीने दिले. २००६ साली दोन्ही खंडांतले अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा आफ्रिकेत शंभरातले ७७ रोगी औषध पुरेशा नियमाने घेताना आढळले. आणि घड्याळवाल्या उत्तर अमेरिकेत? ५५.

असे का व्हावे? खेड्यात राहणाऱ्याला ह्याचे नवल वाटणार नाही. दिवस उगवल्यावर धार काढायची चुकत नाही, तिथे एक गोळी घ्यायची कशी चुकेल? शिवाय खेड्यातला माणूस एकटा नसतो. बायको आठवण करते, भाऊ भाड्याचे पैसे उसने देतो, शेजारीण मुलांना सांभाळते. औषध घेणाऱ्याला वाटते की, एवढ्या माणसांनी माझ्यासाठी खस्ता खाल्ल्या, आता मी गोळी चुकवली तर त्यांना तोंड कसे दाखवू? नियम पाळायला घड्याळ लागते खरे, पण ते मनगटावरच असायला पाहिजे असे नाही.

तिसरी अडचण वाटेची. मोझांबिक देशाच्या तेते प्रांतातला एखादा शेतकरी घ्या. दवाखाना लांब. दर महिन्याला गोळ्या आणायच्या तर एक-दोन दिवसांचे काम बुडणार, भाडे जाणार, आणि तिथे रांगेत ताटकळावे लागणार. औषध फुकट, पण ते आणायला पैसे पडणार! दोन-चार महिने माणूस जातो, पेरणीच्या दिवसांत चुकतो आणि मग सुटतोच. २००८ साली तिथे एक युक्ती सुरू झाली. एकाच भागात राहणारे सहा जण मिळून गट करायचा. दर महिन्याला त्यांतल्या एकाने दवाखान्यात जायचे, स्वतःची तपासणी करून घ्यायची आणि सहाही जणांच्या गोळ्या घेऊन यायचे. पुढच्या महिन्यात दुसऱ्याची पाळी. म्हणजे प्रत्येकाला वर्षातून दोनच खेपा. परतल्यावर सगळे एकत्र बसतात, एकमेकांच्या गोळ्या मोजतात, कोणाला खोकला आहे, कोण वाळत चालला आहे ते पाहतात.

मंडळी, आपल्याला ही रीत परकी वाटते का? आपली सावड ती हीच की! आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात. तेते प्रांतातल्या ह्या गटांत चार वर्षांनंतरही शंभरातले नव्वदाहून अधिक लोक औषधावर टिकलेले आढळले. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनजवळ खायलित्शा नावाची मोठी गरीब वस्ती आहे. तिथे २००७ सालापासून असेच मोठे गट बांधले गेले. ज्यांची तब्येत स्थिर आहे त्यांना एकदम तीन किंवा सहा महिन्यांच्या गोळ्या द्यायच्या, ही पद्धतही पुढे अनेक देशांत आली. औषध तेच, त्याचे अंतर कमी केले.

चौथी अडचण पोटाची. औषध लागू पडू लागले की माणसाला कडकडून भूक लागते. घरात दाणा नसेल तर तो काय करील? उपाशी पोटी गोळी घेऊन मळमळते, म्हणून गोळीच सोडतो. केनिया देशातल्या एल्डोरेट गावी विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २००१ साली उपचारांची योजना काढली. त्यांना हे लवकर उमगले. त्यांनी रोग्यांसाठी चक्क शेती केली आणि औषधाबरोबर भाजीपाला, धान्य देऊ लागले. डॉक्टरने नांगर हाती धरावा, ह्यात मला तरी काही वावगे दिसत नाही.

पाचवी अडचण सर्वांत बिकट. ती म्हणजे लाज. गोळ्यांची बाटली पिठाच्या डब्यात दडवणारी सून, ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून आपला दवाखाना सोडून चार गावे पलीकडे जाणारा बाप, ही माणसे आफ्रिकेत आहेत आणि आपल्याकडेही आहेत. त्या काळातल्या स्टॅव्हुडीन ह्या औषधाने काही रोग्यांचे गाल खप्पड होत. बाटली लपवली तरी चेहरा चुगली करी. म्हणूनही लोक औषध टाळत. २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेने ते औषध टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा सल्ला दिला.

लाज जावी कशी? कायद्याने थोडी जाते, मोठ्यांच्या उदाहरणाने अधिक जाते. डिसेंबर २००२ मध्ये नेल्सन मंडेला खायलित्शाच्या दवाखान्यात गेले आणि छातीवर ‘एच.आय.व्ही. पॉझिटिव्ह’ अशी अक्षरे असलेला सदरा त्यांनी अंगात घातला. त्यांना स्वतःला तो रोग नव्हता. पुढे ६ जानेवारी २००५ रोजी त्यांचा मुलगा मकगाथो वारला. त्या म्हाताऱ्या बापाने त्याच दिवशी पत्रकारांना बोलावून सांगितले की, माझा मुलगा एड्सने गेला. हे सांगायला केवढे धैर्य लागले असेल, ते ज्याच्या घरात असे काही दडवले गेले आहे त्यालाच कळेल.

पण मोठ्यांच्या उदाहरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच दक्षिण आफ्रिकेत, मंडेलांच्या मागून आलेले राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी ह्यांनी हा रोग ह्या विषाणूनेच होतो की नाही, अशी शंका घेतली. सरकारी दवाखान्यांत औषध देणे लांबणीवर पडले. झाकी अख्मत ह्या कार्यकर्त्याने, स्वतः बाधित असून आणि औषध मिळण्यासारखे असून, सर्वांना मिळेपर्यंत मी घेणार नाही असे व्रत धरले. २००२ साली तिथल्या घटनापीठाने आदेश दिला की, बाधित गरोदर स्त्रियांना औषध दिलेच पाहिजे. सर्वांसाठीची योजना २००४ साली चालू झाली. ह्या दिरंगाईने तीन लाखांहून अधिक जीव गेले, असा अंदाज २००८ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी बांधला. शेजारच्या बोत्स्वानाने मात्र जानेवारी २००२ मध्येच आपली योजना सुरू केली होती. तिचे नाव ‘मासा’, म्हणजे नवी पहाट. दोघे शेजारी, पण राज्यकर्त्यांच्या बुद्धीचा केवढा फरक पडतो, पाहा.

मुलांची अडचण आणखी वेगळी होती. लहान मुलांसाठी जे पातळ औषध होते ते इतके कडू, की पोर थुंकून टाकी. शिवाय ते थंड जागी ठेवावे लागे. खेड्यात बर्फाची पेटी कोठून आणायची? २०२० साली पाण्यात विरघळणारी, स्ट्रॉबेरीच्या चवीची गोळी करण्याचे ठरले आणि एका मुलामागे वर्षाचा खर्च ३६ डॉलरांवर आला. तरीही २०२३ साली जगातल्या बाधित प्रौढांपैकी शंभरात ७७ जणांना औषध मिळत होते, तर मुलांपैकी ५७ जणांनाच. मूल स्वतःहून तपासणीला जात नाही, हे त्याचे साधे कारण.

आता जमेची बाजू मांडू. मोठ्या माणसाची आजची गोळी दिवसातून एकच, तीन औषधांची मिळून. टेनोफोविर, लॅमिव्हुडीन आणि डोल्युटेग्राविर. २०१७ साली तिचा वर्षाचा भाव सुमारे ७५ डॉलर ठरला, २०२३ साली तो ४५ डॉलरांच्या खाली आला. २००४ साली ह्या रोगाने जगात सुमारे २१ लाख माणसे नेली होती. २०२४ साली ६ लाख ३० हजार. २०२४ अखेर जगात ४ कोटी ८ लाख माणसे ह्या विषाणूसह जगत होती आणि त्यांतल्या ३ कोटी १६ लाखांना औषध मिळत होते. पूर्व व दक्षिण आफ्रिकेत २०२३ साली शंभरात ८३ जणांना ते मिळत होते. ज्यांना घड्याळ कळणार नाही असे म्हटले होते, त्यांनी हे करून दाखवले. आणखी एक मोठी गोष्ट २०११ साली सिद्ध झाली. औषध नियमाने घेणाऱ्याच्या रक्तातला विषाणू इतका दबतो, की जोडीदाराला तो लागण्याचा धोका ९६ टक्क्यांनी कमी झालेला आढळला. पुढच्या अभ्यासांनी दाखवले की, तपासणीत विषाणू दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला लागत नाही. म्हणजे एकाने घेतलेली गोळी दोघांना राखते.

पण दोर कोणाच्या हाती आहे, हेही पाहिले पाहिजे. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या नव्या राष्ट्राध्यक्षांनी परदेशी मदत एका हुकमाने थांबवली. जीव वाचवणाऱ्या औषधांना थोड्याच दिवसांत सवलत दिली गेली खरी. पण गोळी म्हणजे काही आपोआप चालत जाणारी वस्तू नव्हे. गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्या, नोंदवही ठेवणारे कारकून, तपासणी करणारे तंत्रज्ञ ह्यांचे पगार थांबले आणि कित्येक दवाखान्यांना कुलपे लागली. दक्षिण आफ्रिकेसारख्या ज्या देशांनी गोळ्या स्वतःच्या तिजोरीतून घेण्याची सवय लावून घेतली होती, त्यांना धक्का बसला तरी गोळी थांबली नाही. जे सर्वस्वी परक्यावर विसंबले होते, त्यांच्या पोटात गोळा आला. दुसऱ्याच्या दोराने पाणी काढायला हरकत नाही, पण घरी एक दोर वळत असावा, हा धडा अर्थशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकाहून मोठा आहे.

आता थोडे आपल्या घरचे. भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून हे औषध फुकट द्यायला सुरुवात केली. सुरुवातीच्या आठ रुग्णालयांत मुंबईचे जे.जे. रुग्णालय होते. आज जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात तपासणी फुकट आहे आणि औषधही. माहिती हवी असेल तर १०९७ ह्या क्रमांकावर फुकट फोन करता येतो. २०१७ साली संसदेने कायदा केला आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्या कायद्याने बाधित मुलाला शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, त्याला वेगळे बसवता येत नाही, आणि त्याच्या संमतीशिवाय, लहान असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, त्याची गोष्ट चारचौघांत सांगता येत नाही.

गुरुजी, बाई, तुमच्या वर्गात एखादे मूल असे असेल की जे ठरावीक महिन्याला एक दिवस गैरहजर राहते. कारण विचारले की खाली पाहते. त्याला वर्गापुढे उभे करू नका. न्कोसी जॉन्सनला आठवा. त्याचा हजेरीपट थोडा सांभाळा, बुडालेला धडा मागाहून समजावून द्या, आणि कोणी त्याच्याशेजारी बसायला कचरत असेल तर तुम्ही स्वतः त्याच्याशेजारी बसून डबा खा. पुस्तकातले शंभर शब्द जे करणार नाहीत ते एवढ्याने होईल.

आणि गावकरी मंडळी, शेजारच्या घरात कोणी दर महिन्याला गुपचूप एस.टी. धरून जिल्ह्याला जात असेल, तर तो कोठे जातो ह्याची चौकशी पारावर करू नका. जमले तर त्या दिवशी त्याच्या जनावरांना वैरण टाका. तुमच्या त्या एका पेंढीने त्याची पुढची खेप चुकणार नाही.

माझ्या त्या विद्यार्थ्याला मी पुढच्या तासाला एवढेच सांगितले की, बाबा, किंमत उतरली म्हणजे औषध दुकानापर्यंत आले. दुकानापासून तोंडापर्यंतची वाट राहिलीच. आणि ती वाट नर्स, शेजारी, मास्तर आणि सरकार ह्या सगळ्यांनी मिळून बांधायची असते. त्याने ते वहीत लिहून घेतले. मग पुन्हा हात वर केला आणि विचारले, “आमच्या गावापासून ते केंद्र किती लांब आहे, सर?”

मला सांगता आले नाही. तुमच्या गावापासून ते किती लांब आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे का? नसेल तर ह्याच आठवड्यात आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारून या. मीही विचारणार आहे.